माझा अनुभव: मसाई मारातला तंबू आणि बाबांचं पिवळं कार्ड

केनियातल्या मसाई मारात सिंह बघायला जायचं होतं, तिथल्या तंबूचे पैसे ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यातच भरले होते. विमानाची तिकिटंही काढून झाली होती. तरीही ६ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत बाबा आमच्याबरोबर येणार की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. सगळं अडलं होतं ते तीनशे रुपयांच्या एका लशीपाशी. परत येऊन बरेच दिवस झाले, पण त्या लसीकरण केंद्राचा जिना आठवला की अजून माझं डोकं तापतं. म्हणून आधी तेच लिहिते, सिंह नंतर.

बाबा वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला बराच काळ मेळघाटात गेला, त्यामुळे माझं लहानपण चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल याच नावांत गेलं. साग, बांबू, खोल दऱ्या, आणि महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर क्षणभर दिसणारी वाघाची पाठ. दाट जंगलात आयुष्य काढलेल्या या माणसाची एकच इच्छा होती. नजर पोचेल तिथवर नुसतं गवत आणि त्यात उघड्यावर बसलेला सिंह, हे एकदा बघायचं. आई गेल्यावर ते त्याविषयी बोलेनासे झाले. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नवऱ्याने आणि मी ठरवलं, जायचं ते बाबांना घेऊनच. ते ७१ वर्षांचे आहेत. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

केनियात उतरताना भारतातून थेट आलेल्या माणसाकडे पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस मागत नाहीत. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तिची गरजच नाही. मागतो तो आपला देश, परत येताना. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यू त्याच्याचमुळे होतो. विषाणू मात्र आपल्याकडे नाही. तो कुणाच्या रक्तातून आत आला तर काय हाहाकार होईल, म्हणून नियम कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. शिवाय लस टोचल्यावर कार्ड लगेच लागू होत नाही, दहा दिवस जावे लागतात. आमचं विमान २० सप्टेंबरला होतं. नियमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती केंद्र ज्या तऱ्हेने चालवलं जातं त्याबद्दल.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक ठिकाणीच मिळते. आमच्या जवळच्या केंद्रात मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस. फोन मी चार दिवस लावत होते, एकदाही कुणी उचलला नाही. २० ऑगस्टला मंगळवारी साडेदहाला तिघंही पोचलो तर कळलं, टोकन नऊलाच संपली. निघता निघता खोलीत डोकावले तर आतल्या भिंतीवर कागद चिकटवलेला: ६० वर्षांवरील व्यक्तींनी फिजिशियनचे प्रमाणपत्र आणावे. आतल्या भिंतीवर! म्हणजे टोकन मिळून, दोन तास बसून, नंबर लागल्यावर माणसाला कळणार की आपल्याला परत जायचंय. हा कागद बाहेरच्या दारावर लावायला काय लागतं?

प्रमाणपत्र मागतात त्यामागचं कारण योग्य आहे. लस जिवंत विषाणूची आहे, त्याला दुबळं केलेलं असतं एवढंच. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रास क्वचितच होतो, पण तरुणांपेक्षा जास्त होतो. आमच्या डॉक्टरांनी बाबांना अर्धा तास तपासलं. स्टेरॉइड चालू आहेत का, कॅन्सरचे उपचार झालेत का, थायमस ग्रंथीचा काही आजार होता का, अंड्याची ॲलर्जी आहे का, सगळं विचारलं. बीपीच्या गोळ्या आणि थोडी साखर, बाकी काही नाही. त्यांनी पत्र दिलं.

२३ ऑगस्टला शुक्रवारी आठलाच रांगेत उभे राहिलो. मला आणि नवऱ्याला लस मिळाली. बाबांचं पत्र परत आलं, कारण शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. डॉक्टर तोवर परगावी गेलेले, म्हणून पुढचा मंगळवार वाया. नवं पत्र घेऊन ३० तारखेला गेलो तर लस संपलेली. "कधी येईल?" "वरून आली की." ३ सप्टेंबरला लस आली होती, पण आम्ही चारच जण होतो. एका कुपीत दहा जणांची लस असते आणि ती एकदा पाण्यात मिसळली की सहा तासांच्या आत संपवावी लागते. आठ जण तरी जमल्याशिवाय कुपी फोडत नाही, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं. लस फुकट जाऊ नये हे मलाही पटतं. पण मग आलेल्या माणसांची नावं नि फोन नंबर वहीत लिहून ठेवा आणि आठ झाले की बोलवा! मी हे शांतपणे सुचवलं. "असं करता येत नाही," एवढंच उत्तर मिळालं. बाबा बाकावर पक्ष्यांचं पुस्तक वाचत बसले होते. मला म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या गं, मी घर बघतो." त्या क्षणी मी ठरवलं की आता हे काम मीच करणार.

त्या दिवशी परत पाठवलेल्या बाकी तिघांचे नंबर मी जिन्यातच घेतले. दोन मुलं मर्चंट नेव्हीतली होती, एक इंजिनिअर घानाला चालला होता. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. नेव्हीतल्या मुलांनी त्यांच्या बॅचचे तिघं आणले, इंजिनिअरने ऑफिसमधले दोघं. शुक्रवारी, ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी, सव्वाआठला आम्ही नऊ जण दारात उभे होतो. कुपी फुटली. बाबांना लस मिळाली. मला रडू आलं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

रिक्षात बसल्यावर कार्ड उघडून बघितलं तर पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकलेला. रिक्षा वळवली. कारकून पेनाने आकडा खोडून वर नवा लिहायला निघाला. मी कार्डावर हात ठेवला. त्याच कार्डावर छापलेलं असतं की खाडाखोड असेल तर ते अवैध ठरू शकतं. मला नवं कार्ड हवं होतं. "मोठे साहेब जेवायला गेलेत." "मी थांबते." दीड वाजता नवं कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते आणि घरी मखर अर्धवट पडलेलं.

तर कुणीही आफ्रिकेतल्या तंबूचं बुकिंग करण्याआधी लस घ्या. बुकिंगनंतर नाही. कार्ड हातात पडल्या पडल्या, तिथेच उभं राहून, नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, बॅच नंबर, सही, शिक्का सगळं तपासा. ज्यांच्याकडे जुनं, दहा वर्षांची मुदत लिहिलेलं कार्ड आहे त्यांनी परत टोचून घ्यायची गरज नाही. जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, जुनं असलं तरी.

केनियाचा ईटीए, म्हणजे देशात यायची परवानगी, ऑनलाइन तीन दिवसांत आला, त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. मुंबई ते नैरोबी सहा तास. तिथून छोटं विमान मोठ्या विमानतळावरून निघत नाही, विल्सन नावाच्या वेगळ्या विमानतळावरून निघतं, हे लक्षात ठेवून मध्ये वेळ ठेवा. त्या विमानात माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ कापडी हवी. चाकांच्या टणक बॅगा पोटात मावत नाहीत. आम्ही तिघांच्या सॅक घेतल्या. आणखी एक: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चकल्या नि बाकरवडी मी स्टीलच्या डब्यांत भरून नेली.

पाऊण तासात विमान गवतातल्या धावपट्टीवर उतरलं. धावपट्टीच्या कडेला झेब्रे चरत होते. बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. मागच्या प्रवाशांना मी "थोडं थांबा" म्हटलं.

आमचा कॅम्प नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिक लोकांच्या मालकीच्या राखीव जंगलात होता. मसाई मारा अभयारण्याला लागून ही जमीन आहे, साधारण ५०,००० एकर, आणि ती पाचशेहून अधिक मसाई कुटुंबांची आहे. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात, त्या बदल्यात तिथे कुंपणं पडत नाहीत. अभयारण्यात जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर पडतात आणि नदीवर गाड्यांची दाटी होते. कॉन्झर्व्हन्सीत गाड्या मोजक्या, रस्ता सोडून गवतात जाता येतं, रात्रीही फिरता येतं, आणि पायी चालता येतं. बाबांसाठी मला हेच हवं होतं. माणशी रात्रीला सातशे डॉलरच्या वर पैसे गेले. जेवण, गाडी, गाईड, कॉन्झर्व्हन्सीची फी सगळं त्यात होतं. ते पैसे भरल्याचा मला एक क्षणही पश्चात्ताप नाही.

तंबू लाकडी ओट्यावर होता. जाड कॅनव्हास, वर दुसरं छत, तीन बाजूंना जाळी, आत खरा पलंग, लिहायचं टेबल, मागे न्हाणीघर. अंघोळीला गरम पाणी सांगावं लागतं. सांगितलं की एक जण तंबूमागे येऊन वरच्या बादलीत पाणी ओततो आणि बाहेरून विचारतो, पुरे का? बाबांनी बाहेरून-आतून दोनदा फेरी मारली, दोऱ्यांचे ताण हाताने बघितले, खुंट्या बघितल्या. म्हणाले, "राहुटीच आहे. पण काय बांधलीय!" नोकरीत त्यांनी किती रात्री सरकारी राहुटीत काढल्या असतील, कंदिलाच्या उजेडात पंचनामे लिहीत. ते पलंगावर टेकले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

कॅम्पला कुंपण नाही. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, टॉर्च हलवला की पहारेकरी येतो, त्याला तिथे अस्कारी म्हणतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर जेवणाच्या तंबूजवळचा तंबू आधीच मागून घ्या. आम्ही मागितला होता आणि तो मिळाला. रात्री गादीत गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते, आणि तिची गरज पडते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये मी स्वेटर, जाकीट आणि वर कॅम्पची घोंगडी घेऊन बसायची.

पहिल्या रात्री तीनच्या सुमाराला सिंह ओरडला. डरकाळी म्हटलं की आपल्या मनात येतं ते हे नाही. लांबून निघालेला खोल हुंकार, मग एकामागून एक तुटक, दमलेले उसासे. कॅनव्हास थरथरल्यासारखा वाटला. शेजारच्या तंबूतून बाबांचा आवाज आला, "ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं." पुढे कुणीच काही बोललं नाही, पण तिघंही जागे होतो.

सकाळी सहाला कॉफी तंबूत येते, सव्वासहाला गाडी निघते. आमचा गाईड मसाई होता, छातीवर रुपेरी बिल्ला. तिथे गाईड लोकांच्या परीक्षा असतात, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा. अर्ध्या तासात त्याने गाडी थांबवली. बाभळीखाली दोन सिंह, तीन माद्या, आणि एकमेकांवर उड्या मारणारे पाच छावे. कुठे पान नाही, फांदी नाही, आडोसा नाही. बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि मग खाली ठेवली. तिची गरजच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पायी गेलो, पुढे बंदूकवाला रेंजर. गाईडने चुन्यासारखी पांढरी विष्ठा दाखवली आणि बाबांकडे बघितलं. बाबा लगेच म्हणाले, "हायना. बोन्स." हाडं खातो म्हणून तरसाची विष्ठा पांढरी पडते, मेळघाटातल्या पट्टेवाल्या तरसाचीही तशीच. मग दोघंही मातीत उकिडवे बसले आणि एका पावलाच्या ठशावर बराच वेळ बोलत राहिले, याची मोडकी इंग्रजी, त्याची स्वाहिली-इंग्रजी. आम्ही दोघं पाण्याची बाटली धरून उभे. एवढा मोकळेपणा मी बाबांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

जेवणाची काळजी करू नका, फक्त बुकिंग करतानाच शाकाहारी आहोत हे लिहून कळवा. डाळ, भाजी, चपाती रोज होती. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, चहाला चाय आणि गाडीला गारी. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. रुग्णाला विमानातून हलवण्याचा खर्च विम्यात धरलाय ना, तेही बघा. बक्षिशीसाठी सुटे डॉलर लागतात, आमचे कमी पडले.

मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेआधी आरोग्य विभागाचं टेबल होतं. तिथल्या बाईंनी बाबांचं कार्ड उघडलं, पासपोर्टशी नंबर ताडून बघितला, तारीख बघितली आणि परत दिलं. सगळं मिळून दहा सेकंद. आमच्या मागच्या तरुण जोडप्याकडे कार्ड नव्हतं. त्यांना बाजूला बसवलं, पुढे काय झालं ते कळलं नाही.

बाबांनी ते कार्ड आता पासपोर्टलाच रबर लावून ठेवलंय. काल विचारत होते, विल्डबीस्टची पिल्लं फेब्रुवारीत टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला जन्मतात ना? आणि आपली कार्डं तर जन्मभर चालतात.