बडोद्याच्या राजवाड्यात लग्न: जागा पाहून आलो, त्याची हकीकत

लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. पाहुणे साडेसातशे, त्यातले निम्मे बडोद्याचेच, कारण आमचे व्याही चार पिढ्या दांडिया बाजारात राहिलेले मराठी. मुलं म्हणाली, "बडोद्यातच करू, पण कार्यालयात नको." तिथून लक्ष्मीविलास पॅलेसचं नाव निघालं.

त्याआधी साताऱ्याकडचा एक जुना वाडा पाहून हिरमुसून परतलो होतो. फोनवर "आठशे माणसं आरामात" असं सांगितलेलं. प्रत्यक्षात चौकात दोनशेची पंगतही बसली नसती आणि स्वच्छतागृहं चार. तेव्हाच ठरवलं, जागा पायाखाली घातल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ द्यायचा नाही. शनिवारवाड्यासारख्या जागा कुणी सुचवल्या तर तो विषय तिथेच थांबवा. केंद्रीय संरक्षित स्मारकात सरकारच्या परवानगीशिवाय समारंभ, मेजवानी करायला १९५९ च्या नियमांनी मनाई आहे, आणि ती असायलाच हवी.

मुंबई सेंट्रलहून सकाळच्या वंदे भारतने निघालो, दुपारच्या आत बडोद्यात. आईला मुद्दाम बरोबर नेलं. तिचं वय ७९, हातात काठी. जी जागा तिला झेपेल, ती सगळ्या वडीलधाऱ्यांना झेपेल, एवढा साधा हिशेब.

राजवाडा समोर आला आणि आम्ही दोघीही गप्प झालो. नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसतो आणि पुढे असं घर बांधतो! सयाजीराव महाराजांचा हा वाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्याने कोल्हापूरचा न्यू पॅलेसही आखला. मँट मध्येच वारला, म्हणून काम रॉबर्ट चिझमने तडीस नेलं. दगडांत पुण्याचा काळा पाषाणही आहे, हे कळल्यावर आईने भिंतीला हात लावून पाहिला. दरबार हॉलची मोझेकची जमीन आणि बेल्जियमच्या रंगीत काचा पाहताना मला वाटत होतं, अंतरपाट इथेच धरावा.

पण तसं होत नाही. राजघराणं आजही तिथे राहतं. आमच्यापुढे पर्याय होते ते आवारातल्या हिरवळीचे आणि बँक्वेटचे. "पॅलेसमध्ये लग्न" म्हणजे नेमकं कुठे, हे पहिल्याच भेटीत जागेवर उभं राहून विचारा. हिरवळीवरून राजवाडा किती दिसतो, मधे झाडं येतात का, रात्री त्यावर दिवे लावतात का आणि त्याचे पैसे वेगळे का, हेही तिथेच विचारून घ्या आणि लेखी घ्या.

मग आईला घेऊन गाडी थांबते तिथपासून मांडवाच्या जागेपर्यंत चालले. ती वाटेत दोनदा थांबली. दुसऱ्यांदा काठीचं टोक ओल्या गवतात रुतलं आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. त्याच क्षणी ठरलं की बॅटरीच्या गाड्या हव्यात आणि गवतावर लाकडी पायवाट हवी. नऊवारी, शालू, उंच टाचा, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या मावश्या, सगळ्यांना ती लागणार. सजावटवाल्याच्या अंदाजपत्रकात ती नव्हती, आम्ही घालून घेतली.

सगळ्यात मोठा पेच मुहूर्ताचा होता. आपल्याकडे मुहूर्त बहुधा सकाळी किंवा दुपारी, आणि ही उघडी हिरवळ आहे संध्याकाळसाठी. भर दुपारी अक्षता टाकायला साडेसातशे माणसं उन्हात उभी करायची तर एवढा मोठा शामियाना लागतो की राजवाडाच झाकला जातो, मग तिथे जायचं कशाला? मी विहीणबाईंना म्हटलं, "गोरज मुहूर्त मिळतो का, गुरुजींना विचाराल का?" त्यांचे गुरुजी बडोद्याचेच. त्यांनी पंचांग पाहिलं आणि मुहूर्त मिळाला. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही मुद्दाम तोपर्यंत थांबलो. आधी मनोरा सोनेरी झाला, मग दगड गुलाबीसर झाला, आणि आई म्हणाली, "मंगलाष्टकं याच वेळेला होऊ देत."

गोरज मुहूर्त धरला की पुढचं वेळापत्रक ताणलं जातं, कारण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सीमांतपूजन आदल्या दिवशी उरकून घेतलं तरच वरात, लग्न आणि जेवण नीट बसतं. पंगतीचा हट्ट मात्र आम्ही सोडला नाही. घरच्या दीडशे वडीलधाऱ्यांसाठी बँक्वेटमध्ये टेबलावर केळीची पानं, बाकीच्यांना बुफे. बाहेरचा आचारी चालतो का, हे करारावर सही करण्याआधी विचारा, नाहीतर मसालेभात आणि अळूची भाजी हुकायची. गुजरातेत दारूबंदी आहे, ते पाहुण्यांना आमंत्रणाबरोबरच सांगून टाका.

डिसेंबर-जानेवारीत परदेशातली गुजराती मंडळी घरी येतात आणि त्यांचीही लग्नं तेव्हाच असतात. म्हणून हॉल ठरण्याआधी खोल्या अडवून ठेवा. आम्ही उलट क्रमाने गेलो आणि पाहुणे तीन हॉटेलांत विभागावे लागले. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पुण्याच्या मंडळींची यादी त्या सकाळी हातात तयार हवी. ते काम माझ्या भाच्याने अंगावर घेतलं आहे.

पाहायला जाल तेव्हा सोमवार टाळा, त्या दिवशी राजवाडा दर्शनासाठी बंद असतो. दुपारी तीनला पोहोचा, आतून पाहून घ्या आणि अंधार पडेपर्यंत हिरवळीवरच थांबा. परतताना दांडिया बाजारात शेव उसळ खा. आईने दोन बशा घेतल्या.