आईच्या पर्समधली चिठ्ठी

काल आईला दाढ काढायला घेऊन गेलो. खुर्चीत बसायच्या आधीच तिने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतली चिठ्ठी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. लाल पेनाने लिहिलेलं: 'ॲलर्जी - आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक'. घडी पडून पडून मधला 'डाय' पुसट झालाय.

सहा वर्षांपूर्वी कंबरदुखीवर एक गोळी घेतली आणि अर्ध्या तासात ओठ, डोळे सुजून टम्म. घशाशी आवळल्यासारखं झालं ते वेगळंच. तेव्हापासून शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली गोळीसुद्धा ती चष्मा लावून, उलटीपालटी करून वाचते. बरोबरच आहे म्हणा! कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं, हे नावावरून कुणाला कळणार?

दाढ पाच मिनिटांत निघाली. खरा त्रास नंतरचा. बाकीच्यांना सूज-दुखण्याची गोळी मिळते, हिला नुसतं पॅरासिटामॉल. आणि तेही घाबरत घाबरत, आजवर कधी त्रास झाला नसला तरी.

रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा दिसला. रुमालात बर्फ गुंडाळून गालाला लावून बसली होती. समोर गोळी, पाकिटातून काढलेलीसुद्धा नाही.

"तू अजून अर्धा तास जागा आहेस ना? मग घेते."