तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरला उपाशी मारता येतं का?

मी अंडाशयाच्या कॅन्सरवर संशोधन करते असं कळलं की समोरचा माणूस थोडा जवळ सरकतो. बहुतेक वेळा ती कुणाची तरी मुलगी असते किंवा नवरा. प्रश्न ठरलेला असतो: "साखर पूर्ण बंद केली, जेवण निम्म्यावर आणलं, तर गाठ उपाशी मरेल ना?" काहीजण वाचून आलेले असतात. ते विचारतात, "उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते आणि शरीर खराब पेशी खाऊन टाकतं म्हणे. त्यावर नोबेलही मिळालंय ना?"

नोबेल मिळालंय, 2016 साली, जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना. यीस्टच्या पेशींची उपासमार केली की त्या आतलाच माल मोडून वापरायला काढतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यामागची जनुकं शोधली. पण ऑटोफॅजीत एक पेशी दुसरीला खात नाही. पेशी स्वतःचेच मोडके भाग, ऊर्जा बनवणारी पण बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया, नीट घडी न बसलेली प्रथिनं एका दुहेरी आवरणाच्या पिशवीत गोळा करते. ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्याला, जाऊन मिळते, तिथल्या आम्लात आणि एन्झाइममध्ये सगळं विरघळतं आणि सुटे झालेले घटक पुन्हा कामाला येतात. निरोगी पेशी हे करते तसंच कॅन्सरची पेशीही करते. वाईट दिवसांत तग धरण्याची ही सोय आहे, आणि गाठीतल्या पेशीसाठी केमो हे वाईट दिवसच असतात.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑटोफॅजी दोन्ही बाजूंनी खेळते, कधी गाठ रोखते तर कधी तिला तगवते. 1999 साली अमेरिकी शास्त्रज्ञ बेथ लेविन यांच्या गटाने बेक्लिन-1 हे ऑटोफॅजीचं जनुक गाठ रोखतं असं दाखवलं. अंडाशयाच्या अनेक गाठींत त्याची एक प्रत हरवलेली सापडते. पुढे शंका निघाली, कारण हे जनुक 17 व्या गुणसूत्रावर बीआरसीए-1 च्या, म्हणजे ज्याच्या बिघाडाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्या जनुकाच्या, अगदी शेजारी आहे. खरा घाव बीआरसीए-1 वर आणि शेजारी असल्यामुळे बेक्लिनही गेलं, असं असू शकतं. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या एका प्रयोगाने. रॉबर्ट बास्ट यांचा गट, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये करतात ती सीए-125 ची रक्ततपासणी ज्यांच्या कामातून आली तेच बास्ट. अंडाशयाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये एआरएचआय नावाचं जनुक गप्प झालेलं असतं. त्यांनी ते हवं तेव्हा चालू-बंद करता येईल अशा पेशी तयार केल्या. काचेच्या थाळीत जनुक चालू केलं, जोरात ऑटोफॅजी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत पेशी मेल्या. इथेच थांबलं असतं तर औषध सापडलं असंच वाटलं असतं. पण त्याच पेशी उंदरांत वाढवून जनुक चालू केलं, तेव्हा गाठी मेल्या नाहीत, नुसत्या झोपल्या. जनुक बंद करताच त्या भराभर वाढू लागल्या. झोपेच्या काळात क्लोरोक्वीन, म्हणजे लायसोसोमचं आम्ल कमी करून पचन अडवणारं मलेरियाचं जुनं औषध दिलं, तर गाठ परतून येणं मंदावलं. भोवतालच्या शरीराकडून जगायचे इशारे मिळत होते म्हणून त्या पेशी स्वतःला खाऊन तगल्या होत्या. हा कॅन्सर पहिल्या केमोला छान दाद देतो आणि तरी अनेकींमध्ये परत का येतो, ह्याचं एक उत्तर मला ह्या झोपलेल्या गाठींत दिसतं.

आता साखरेचं. पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ चमकते, कारण ती टोचलेलं किरणोत्सारी ग्लुकोज ओढून घेते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार वापरतात. पण तुम्ही साखर सोडली तरी यकृत रक्तातली साखर पडू देत नाही. लागली तर स्नायू झिजवून बनवतं. झिजते ती रुग्ण.

शिवाय अंडाशयाच्या कॅन्सरला साखरेशिवाय दुसरं ताट वाढलेलं असतं. आतड्यांवर पडद्यासारखी पसरलेली चरबीची झालर असते, ओमेंटम. हा कॅन्सर पसरताना तिथे आवर्जून जातो. शिकागोच्या अर्न्स्ट लेंगेल यांच्या गटाने 2011 साली कारण दाखवलं: तिथल्या चरबीच्या पेशी आपली स्निग्धाम्लं सरळ कॅन्सरच्या पेशींना देतात आणि त्या ती जाळून ऊर्जा मिळवतात. ही देवाणघेवाण करायला मदत करणारं एफएबीपी-4 हे प्रथिन नसलेल्या उंदरांत गाठी पुष्कळ कमी वाढल्या. म्हणून उपाशी ठेवायचंच असेल तर ते पेशीच्या दारात, औषधाने, आणि एकाहून जास्त दारं एकदम लावून. चरबीची वाट अडवली की पेशी ग्लुकोजकडे किंवा ऑटोफॅजीकडे वळते, हीच मुख्य अडचण आहे. ओलापॅरिबसारख्या पार्प औषधांच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशीला डीएनएची दुरुस्ती करू न देणाऱ्या औषधांच्या, माऱ्यातही पेशी ऑटोफॅजी वाढवून वाचू पाहतात, आणि ती अडवली तर प्रयोगशाळेत औषधाचा परिणाम वाढलेला दिसतो.

मग ऑटोफॅजी अडवणारी औषधं रुग्णांना देत का नाहीत? कारण आज हाती असलेली क्लोरोक्वीन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही बोथट औषधं आहेत, निरोगी पेशींचंही पचन अडवणारी. शिवाय गाठीत ऑटोफॅजी किती चालू आहे हे मोजणंच कठीण. नमुन्यात पिशव्यांचा ढीग दिसला तर त्या जास्त बनतायत की पुढे पचत नाहीयेत, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. कुणाला हे औषध लागू पडेल हे आधी ओळखता आलं पाहिजे, आणि मला सगळ्यात निकडीचं काम तेच वाटतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दलही तुम्ही विचारता. त्याने अंडाशयाचा कॅन्सर आटोक्यात येतो असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते, आईचं जेवण तोडू नका. पोटात पाणी झालं की दोन घासांतच पोट भरतं, त्यात वजन आणि स्नायू आधीच उतरलेले असतात, आणि केमो वेळेवर पूर्ण व्हायला ताकद लागते. थोडं थोडं, प्रथिनं भरपूर, आहारतज्ज्ञांना विचारून. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन स्वतःहून आणून देऊ नका. त्याने डोळ्यांच्या पडद्याला आणि हृदयाच्या ठोक्यांना इजा होऊ शकते. डॉक्टरांना मात्र दोन गोष्टी जरूर विचारा: बीआरसीएची तपासणी झाली का, आणि आईला भाग घेता येईल अशी नव्या उपचाराची एखादी चाचणी (क्लिनिकल ट्रायल) सुरू आहे का.