गोणपाटापासून सुरुवात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत कुणीतरी गाठतंच: "ताई, आमचंही गाव स्वयंपूर्ण करायचंय, सुरुवात कुठून करावी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कमान असते, सौरदिवे असतात, भिंतींवर रंगवलेल्या म्हणी असतात. मी म्हणते, एक जुनं गोणपाट घ्या. समोरच्याला वाटतं, बाई चेष्टा करतेय.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. सगळं रान सोयाबीनचं, मधनं तुरीच्या ओळी. 2020 च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला, वाफसा झाला, आम्ही विकतच्या पिशव्या फोडून पेरून घेतलं. आठव्या दिवशी रानात गेले तर काकरी मोकळी. वाकून माती उकरली. दाणा फुगलेला, पण मोड नाही. बोटानं दाबला की पिठूळ पाणी. त्या वर्षी ही ओरड मराठवाडाभर होती, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. आमच्याकडं पंचनामा झाला. बियाणंवाल्यांचं म्हणणं, तुम्हीच खोल पेरलंत. दुबार पेरणीची पिशवी उधारीवर आणली, ती उधारी फिटायला पुढचा हंगाम गेला.

आता गंमत बघा. सोयाबीनचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरजच नसते. त्याचं परागीभवन त्याच्याच फुलात होतं, म्हणून घरचं चांगलं बियाणं दोन-तीन वर्षं सहज चालतं. बीटी कापसासारखं नाही ते. सासूबाई ज्वारीचं, तुरीचं बियाणं राखेत घोळून ठेवायच्या. सोयाबीन आलं आणि आम्ही ते दुकानावर सोडून दिलं.

तर गोणपाट. एप्रिल-मेमध्ये पोत्यातनं शंभर दाणे काढायचे, निवडून नाही, वरचे-मधले-तळचे असे. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर चांगले उगवले तर एकरी 30 किलो पेरा. साठ आले तर 35. त्याहून खाली गेलं तर ते बियाणं नव्हेच, आडतीवर घाला. बाकीची काळजी आधीच घ्यावी लागते. रास करताना मळणी यंत्र जोरात फिरवलं की सोयाबीनचं नाजूक टरफल तडकतं. पोती एकावर एक उंच रचली की खालचं बियाणं दबून मरतं.

पहिल्या वर्षी बचत गटातल्या अकरा जणींनी आपापले दाणे आणले, माझ्या ओसरीवर अकरा गुंडाळ्या. सातव्या दिवशी उलगडल्या. माझे 58. माझ्याच ओसरीवर माझंच बियाणं नापास! सगळ्यांत जास्त, 81, आले ते गावाच्या खालच्या बाजूच्या वस्तीतल्या एकीचे. दोन एकरांची धनीण, पण रास तिनं स्वतः उभं राहून करून घेतलेली.

बियाणं मागायला मी तिच्या दारात गेले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या खळ्यावरनं त्या वस्तीत धान्य जायचं, बलुतं म्हणून, तेही वाकून मागितल्यावर. तिकडनं आमच्या घरात बी आणायला माझ्या आधी कुणी गेल्याचं मला तरी माहीत नाही. तिनं चहा केला, पोतं मोजून दिलं आणि बाजारभावानं पैसे घेतले. बरोबरच केलं.

म्हणून "पूर्वी गावं कशी स्वयंपूर्ण होती" हे कुणी सुरू केलं की मी गप्प बसत नाही. होती, पण कुणाच्या जिवावर? डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्यांच्या गोडव्यावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हतं. त्या जुन्या स्वयंपूर्णतेत मला परत जायचं नाही.

आणि स्वयंपूर्ण म्हणजे गावाबाहेरचं काही घ्यायचंच नाही, असंही नाही. मी गुरुवारच्या बाजारातनं मीठ, माळवं, नातीच्या चपला आणते. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघून आलोय आम्ही. पाणलोटाची कामं झाली, शेततळी झाली आणि आता ते द्राक्षं पिकवून बाहेर विकतात. विकावं, घ्यावं. फक्त पेरणीच्या दिवशी दुकानदाराच्या तोंडाकडं बघायची पाळी येऊ नये, एवढं मला पुरे. आमच्या गटानं लहान डाळ मिल घेतली. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या पुढं डाळ पडते, चुणी जनावरांना. बरी चालते, पाहुणे तिचेच फोटो काढतात.

मोजायची सवय लागली तशी पाण्याकडं वळलो. शाळेतल्या सरांनी फळ्यावर गणित मांडलं: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. आमच्याकडं वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे हेक्टरी 70 लाख लिटर. एवढं पडतं, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बायका त्या आकड्याकडं बघतच बसल्या. मग दर महिन्याला दोरीला दगड बांधून सात विहिरींची पातळी मोजायची आणि पारावरच्या फळ्यावर लिहायची, असं ठरलं. दिवाळीनंतर आकडा बघायचा आणि मग गहू की हरभरा ते ठरवायचं.

दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी रात्री दोनला बोअरची गाडी आली. आमच्याच भावकीत. आपल्याकडं वर मुरूम, खाली काळा कातळ; पाणी मुरमात आणि भेगांत. कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. गाडी सहाशेपर्यंत गेली. मी उठून गेले, भांडले. दीर म्हणाले, "वहिनी, तुमचा फळा माझ्या पोराची फी भरणार का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी तिथं ऊस लावला. त्यांच्या खालच्या अंगाच्या विहिरीचा आकडा उतरला, तो मी फळ्यावर लिहिला, त्यावरनं आमच्यात वर्षभर बोलणं नव्हतं. त्या बोअरचा आकडा आजही फळ्यावर नाही. तक्रार करा म्हणणारे पुष्कळ होते, सही करणारं कुणी नव्हतं. मीही केली नाही.

यंदा एप्रिलमध्ये ओसरीवर तेवीस गुंडाळ्या होत्या. नात दाणे मांडत होती, फुटके बाजूला काढत. दुपारी सगळ्या झोपल्यावर माझी जाऊ आली, त्याच घरची. पदराखालनं कागदाची पुडी काढली.

"अक्का, आमचेबी शंभर बघता का?"

सातव्या दिवशी उलगडलं. 64.

"फळ्यावर लिहिणार?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं लिहिते."

"आकडा लिहा," ती म्हणाली, "नाव नका लिहू."