बीप वाजला म्हणजे अर्थिंग चांगलं असतंच असं नाही

दहा इंची सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा स्पीकर), त्याला ताकद देणारा 300 वॉटचा मोनो अॅम्प आणि सील्ड बॉक्स गाडीच्या डिक्कीत बसवून घ्यायला एक शनिवार पुरला. तो धड वाजायला पाच आठवडे लागले. सगळा घोळ एका बोल्टपायी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या दिवशी हळू आवाजात झकास वाजलं. घरी येताना ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज चढवला आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला सब गप्प. अॅम्पवरचा हिरवा दिवा लाल. बंद करून चालू केलं की पुन्हा तीन ठोके, पुन्हा लाल.

दुकानात गेलो. "सर, गेन कमी ठेवा." गेन म्हणजे आलेला सिग्नल अॅम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. ठेवला. दिवा लाल व्हायचा थांबला, पण बेस असा की मागच्या सीटवर कुणी उशी आपटतंय. पुन्हा गेलो. "पीसच फॉल्टी असेल." अॅम्प सर्व्हिस सेंटरला गेला आणि सोळा दिवसांनी 'दोष नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला. वर चेकिंगचे पाचशे रुपये माझ्याकडूनच. तिसऱ्या खेपेला मीच विचारलं, अर्थिंग, म्हणजे अॅम्पच्या मायनस वायरचा गाडीच्या पत्र्याशी जोड, बघितलंत का? दुकानातल्या पोरानं मल्टीमीटर बीपवर ठेवला, एक टोक अॅम्पच्या अर्थला, दुसरं बॉडीला. बीप. "बघा, अर्थ ओके." यावर काय बोलणार? आलो घरी.

रविवारी स्वतःच मीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, 50 हर्ट्झचा टोन, आवाज लाल दिवा लागायच्या जरा अलीकडे. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, अॅम्पच्या टर्मिनलवर 11.2. मग बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर डिक्कीपर्यंत ओढली आणि ती व अॅम्पचं अर्थ टर्मिनल यांच्यात व्होल्ट मोजले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिसले 2.1.

बीपसाठी मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो. सब जोरात वाजताना त्याच सांध्यातून 30 अँपिअर जातात. 0.07 ओहमचा अडथळा बीपच्या खिजगणतीतही नसतो, पण 30 अँपिअरला तोच 2.1 व्होल्ट खातो, आणि व्होल्ट कमी पडले की अॅम्प लाल दिवा लावून गप्प बसतो. अर्थ तपासायचं तर गाणं चालू ठेवून, व्होल्टवर.

कार्पेट उचललं तर थिंबल (अर्थच्या वायरच्या टोकाची धातूची कडी) सीटबेल्टच्या बोल्टखाली, सरळ रंगावर कसलेलं! सीटबेल्टचा बोल्ट मुळात अशा कामाला सैल करायचाच नसतो, तो जीव वाचवायला आहे. मी तो नीट कसून घेतला आणि डिक्कीच्या तळाला दुसरी जागा धरली. पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळलं, वरून गंज न धरण्यापुरता रंग मारला. अर्थची वायर 40 सेंटिमीटर. (तुम्ही भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी तिकडेच असते.) पुन्हा मोजलं: 0.08. ढोल अख्खा वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून बघितलं, तेव्हा बंद केला.

दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "आम्ही सगळ्यांचं तिथंच लावतो." म्हणजे बघा.

गेन कानानं लावू नका. माझ्या सबला चार-चार ओहमच्या दोन कॉइल, पॅरलल जोडल्या की दोन ओहम. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट: 300 गुणिले 2 म्हणजे 600, त्याचं वर्गमूळ साधारण 24.5. सबची वायर काढून, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, 50 हर्ट्झचा टोन लावून अॅम्पच्या आउटपुटला एसी 24.5 व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवायचा. लो-पास 80 हर्ट्झ, म्हणजे सबला त्याच्या खालचेच सूर; दारातल्या स्पीकरांना हाय-पास तेवढाच, म्हणजे वरचेच. हे सगळं अर्ध्या तासाचं काम.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: प्लसच्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. माझा अॅम्पच्या शेजारी लावला होता, म्हणजे बॉनेटपासून डिक्कीपर्यंतची वायर कुठे घासली तर पेटायला मोकळी. तोही हलवला.

बेस तरी पोकळ वाटला तर ड्रायव्हर सीटवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी अॅम्पवरचं फेजचं बटण (सबची हालचाल उलटसुलट करणारं) 0 आणि 180 असं बदलायला सांगा. जिकडे जास्त भरीव, तिकडे ठेवा. माझ्याकडे हे काम बायकोनं केलं. तिला दोन्ही सारखेच वाटले, खडखडाट मात्र तिनंच पकडला. तो मागच्या नंबरप्लेटचा होता.