ट्रॅपखालच्या थरांत तेल शोधताना टीओसीच्या (खडकातल्या एकूण सेंद्रिय कार्बनच्या) एकाच आकड्यावर विसंबू नका

पारसिकच्या डोंगरातला काळा कातळ पनवेलच्या बाजूला समुद्राकडे कलतो. भूवैज्ञानिक त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हाच डेक्कन ट्रॅप (थंड झालेल्या लाव्हाचे, म्हणजे बेसाल्टचे थर) पश्चिम किनाऱ्याबाहेर समुद्रतळाखालीही पसरलेला आहे. उरणला पाइपलाइनने येणारं मुंबई हायचं तेल मुख्यतः ट्रॅपच्या वरच्या, पन्ना फॉर्मेशन नावाच्या थरांतल्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या खडकात) तयार झालं. केरळ-कोकण बेसिनमध्ये प्रश्न ट्रॅपच्या खालच्या मेसोझोइक, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या थरांचा आहे, आणि तिथे मुंबई हायचे ठोकताळे चालत नाहीत.

साइस्मिकची, म्हणजे ध्वनिलहरी पाठवून थर शोधण्याची, अडचण आधी सांगतो. बेसाल्टमध्ये ध्वनिलहरींचा वेग खूप जास्त असतो, त्यामुळे बरीचशी ऊर्जा वरच्या वर परतते. एकावर एक बसलेल्या प्रवाहांमध्ये उरलेली विखुरते आणि मल्टिपल्स (पुन्हा पुन्हा आपटून आलेले प्रतिध्वनी) खऱ्या परावर्तनांसारखे दिसतात. लांब ऑफसेट (लहरींचा स्रोत आणि रिसीव्हर यांतलं अंतर), कमी फ्रिक्वेन्सी आणि जोडीला ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिक मोजणी, एवढं तरी हवंच.

खरी गफलत होते ती कटिंग्जवर, म्हणजे विहीर खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांवर. वरून ढासळलेले तुकडे मिसळले की नमुना त्या खोलीचा राहत नाही. म्हणून चाळणीवर धुवा, ४० अंशांच्या आसपास सुकवा (ओव्हन तापवलात तर हलके हायड्रोकार्बन उडतात), चुंबकाने ड्रिल बिटचा लोखंडी चुरा काढा आणि मायक्रोस्कोपखाली शेलचे तुकडे हाताने वेचा. बेसाल्टचे तुकडे राहिले तर टीओसी उगाच कमी दिसतो.

रॉक-इव्हलला (खडक तापवून त्यातले हायड्रोकार्बन मोजणाऱ्या चाचणीला) साधारण ६० मिलिग्रॅम पूड पुरते. ३०० अंशांवर ३ मिनिटांत एस-१, म्हणजे खडकात आधीच मोकळे असलेले हायड्रोकार्बन, मिळतो. मग मिनिटाला २५ अंशांनी ६५० पर्यंत तापवल्यावर एस-२ (सेंद्रिय पदार्थ फुटून निघणारे हायड्रोकार्बन) आणि टीमॅक्स (एस-२ सर्वाधिक निघतो ते तापमान, खडक किती पक्व झाला त्याची खूण). टीओसी १.५ टक्के आणि एस-२ ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम असेल, तर हायड्रोजन इंडेक्स (एस-२ भागिले टीओसी, गुणिले १००) २००. टीमॅक्स ४३५ असेल तर हा खडक तेल-वायू मिश्र स्रोत म्हणता येईल. टीमॅक्स ४६० असताना तोच इंडेक्स २०० आला, तर खडक बरंच काही देऊन बसलाय आणि मूळ इंडेक्स यापेक्षा वरचा होता. एस-२ ०.२ च्या खाली असेल तेव्हा टीमॅक्स वापरूच नका. टीओसी कमी आणि क्ले (मातीची खनिजं) जास्त असलेल्या शेलमध्ये तर क्ले हायड्रोकार्बन धरून ठेवते आणि एस-२ खाली ओढला जातो.

एस-१ अचानक फुगला की शोध लागला असं समजायची घाई नको. आधी मड (खोदताना विहिरीत सोडतात तो द्रव) कोणता वापरला त्याचा रिपोर्ट बघा. ऑइल-बेस मड असेल तर डायक्लोरोमिथेनने धुऊन तोच नमुना पुन्हा चालवा. मडमध्ये लिग्नाइट टाकलं असेल तर टीओसीच फुगतो, आणि ते या धुण्याने जात नाही.

सगळ्यात कठीण भाग म्हणजे सिल, म्हणजे थरांमध्ये घुसून गोठलेली लाव्हारसाची चादर. शेलमध्ये असा घुसलेला डोलेराइट (बेसाल्टसारखा खडक) आजूबाजूचा खडक भाजतो, ढोबळमानाने स्वतःच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरापर्यंत. त्या पट्ट्यातल्या व्हिट्रिनाइटचं (वनस्पतींपासूनच्या कणांचं) प्रकाश-परावर्तन, जे खडक किती तापला ते सांगतं, १.५ टक्के आलं म्हणून सगळा थर वायूच्या टप्प्यात गेला असं लिहिणं चूक. त्यासाठी सिलच्या कडेपासून दूरचे नमुनेही घ्या आणि अंतर बदलताना आकडा कसा उतरतो ते आलेखावर काढा.

त्यानंतर बरियल मॉडेल, म्हणजे थर कधी किती खोल गाडला गेला आणि किती तापला याचा हिशेब. १ किलोमीटर बेसाल्ट वर बसला तर खालचा थर, ३० अंश प्रति किलोमीटर ग्रेडियंट धरून, कालांतराने सुमारे ३० अंशांनी तापतो. मादागास्कर सुटताना सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आणि नंतर सेशेल्स सुटताना वाढलेली उष्णताही त्यात धरावी लागते. तेल या काळात निघालं आणि सापळा (तेल अडकून साठेल अशी खडकांची रचना) त्यानंतर तयार झाला, तर चांगल्या टीओसीचा खडकही उपयोगाचा नाही. म्हणून मॉडेल चालवताना प्रत्येक सापळ्यापुढे त्याचं वय लिहून ठेवा.