कचरा जाळण्याच्या तक्रारीचा माझा अनुभव

धुराची तक्रार केली की आरोग्य निरीक्षक येईपर्यंत आग विझलेली असते. ‘जागेवर काही आढळले नाही’ असा शेरा पडतो आणि तक्रार बंद. म्हणून मी ज्वाळांपेक्षा राखेचे फोटो जास्त काढतो. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश फोटोवरच उमटवणारं अ‍ॅप वापरायचं. एक फोटो लांबून, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा. दुसरा राख निवल्यावर जवळून. तिच्यात वितळलेलं प्लॅस्टिक किंवा तारांचे तुकडे दिसले की ‘नुसता पालापाचोळा होता’ हे उत्तर टिकत नाही.

तक्रार क्रमांक मिळेल अशाच ठिकाणी नोंदवायची: ‘स्वच्छता’ अ‍ॅप किंवा पालिकेचं पोर्टल. घनकचरा व्यवस्थापन नियमांमधली मनाई आणि राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर 2016 चा आदेश, दोन्ही लिहायचं. त्या आदेशात साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई जाळणाऱ्याने भरायची आहे. पावती मात्र बहुधा त्याहून बरीच लहान फाटते.

परस्पर बंद झालेल्या तक्रारीवर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं तर ती ‘माहिती’ नाही म्हणून अर्ज परत येतो. स्थळपाहणी अहवालाची आणि दंडाच्या पावत्यांची प्रत मागायची. पाहणी झालीच नसेल तर तिथेच उघडं पडतं.

दंडाने दुकानदार थांबतो. तांब्यासाठी तारा जाळणारा थांबत नाही, फक्त जागा बदलतो. झाडणारे पाला जाळतात, कारण घंटागाडी तो घेत नाही आणि ढीग उचलायला गाडी येत नाही. त्यांना दंड करणं मला पटत नाही. पाल्याची सोय करावी आणि ती मुकादमाशी बोलून.

पाल्याचं खत करायला तीन फूट व्यासाचा, चार फूट उंच जाळीचा पिंजरा एका मोठ्या झाडाच्या पाल्याला सुरुवातीला पुरतो. दर फूटभर थरावर शेणकाला शिंपडायचा आणि पाला दाबायचा. मुठीत पिळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. बहुतेक पिंजरे फसतात ते कोरडेपणामुळे: वरचा थर भिजतो, आतला वर्षभर तसाच राहतो. आंब्याची जाड पानं आधी चुरडून घ्यावीत. पिंजरा भिंतीला किंवा विजेच्या पेटीला लागून ठेवू नये. कोरड्या पाल्यावर कोणी पेटती विडी टाकली तरी आग लागायला पुरे.